दोन मिलिमीटरचा चेहरा: कुकू वास्पच्या एका मॅक्रो फोटोच्या नोंदी

३ जानेवारी

खिडकीच्या चौकटीत एक मेलेली गांधीलमाशी सापडली. लांबी जेमतेम ८ मिमी, रंग हिरवा-निळा, आणि अंग असं की कुणी बारीक हातोडीने ठोके देऊन घडवलं असावं. ही कुकू वास्प. कोकिळेसारखी ही दुसऱ्या गांधीलमाश्यांच्या आणि एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या घरट्यात अंडं घालून येते. घरट्याची मालकीण अंगावर आली की ही पोट आत घेऊन गोळा होते. कवच इतकं टणक असतं की तिच्यावर डंखाचं सहसा काही चालत नाही.

ठरवलं ते एवढंच: हिचा चेहरा समोरून, फ्रेमभर, डोळ्यांपासून जबड्यांपर्यंत सगळा फोकसमध्ये. डोकं सुमारे २ मिमी रुंद आहे. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, सेन्सर २३.५ मिमी रुंद. नेहमीच्या १:१ मॅक्रो लेन्सने हे डोकं सेन्सरवर २ मिमीच उमटेल, बाकी फ्रेम रिकामी. म्हणजे १० पट हवं आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याच्या बाजूची भिंगांची नळी) लागणार. जिवंत कीटक यासाठी मारायचा नाही हे आधीच पक्कं केलं. जे मेलेलं सापडेल त्यावरच काम.

६ जानेवारी

जुन्या सूक्ष्मदर्शकाचं १०x/०.२५ ऑब्जेक्टिव्ह घरात होतं (१० पट मोठं करणारं; ०.२५ हे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे ते किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप). एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेऱ्यापुढे लावायच्या पोकळ नळ्या) जोडत जोडत ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत १५० मिमी अंतर केलं (१६० मिमी नळीच्या जुन्या ऑब्जेक्टिव्हना एवढंच लागतं). फोटो मधोमध बरा, कडांना मात्र लाल-निळ्या झालरी. दोन दिवस लायटिंग बदलून पाहिलं, काही फरक नाही. मग लक्षात आलं की या पिढीतली बरीच ऑब्जेक्टिव्ह रंगदोषाचा काही भाग आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर सोडतात. मी आयपीसच काढून टाकला होता, मग उरलेला दोष सुधारणार कोण?

दुसरी अडचण त्याहून मोठी. फोकस झाल्यावर काच आणि माशी यांच्यात ६-७ मिमी अंतर उरतं. तेवढ्या फटीतून उजेड चेहऱ्यावर पोचतच नाही, कपाळ उजळतं आणि जबडे अंधारात राहतात.

१४ जानेवारी

मिटुटोयोचं १०x/०.२८ आलं, सेकंडहँड. सगळ्यात मोठा खर्च हाच, कॅमेऱ्याच्या बॉडीपेक्षाही जास्त. पण यात नमुन्यापासून सुमारे ३४ मिमी मोकळी जागा मिळते आणि रंगदोषाची दुरुस्ती ऑब्जेक्टिव्हमध्येच केलेली असते. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर इथे उडी मारू नका. ४x/०.१० चं साधं ऑब्जेक्टिव्ह याच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतं, त्यात फोकसची खोली (एका फोटोत स्पष्ट येणारा थर) कितीतरी जास्त, म्हणून फ्रेम (फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेले, नंतर एकत्र जुळवायचे फोटो) कमी लागतात आणि चुका माफ होतात. मी तिथून सुरुवात केली असती तर पुढच्या निम्म्या नोंदी लिहाव्या लागल्या नसत्या.

आज काम मात्र झालं नाही. अ‍ॅडॉप्टर मागवताना मी २५ मिमी आट्यांचा मागवला, या ऑब्जेक्टिव्हला २६ मिमी लागतो. न मोजता मागवलं, चूक पूर्ण माझी. दुसरा येईपर्यंत ९ दिवस गेले. व्हर्नियर हातात असताना मोजून घ्या.

२३ जानेवारी

हे इन्फिनिटी प्रकारचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे एकटं प्रतिमा तयार करत नाही, त्यामुळे मागे ट्यूब लेन्स ही दुसरी लेन्स लागते. रेनॉक्स डीसीआर-१५० ही क्लोज-अप लेन्स उलटी बसवली. तिचं फोकल लेंग्थ २०८ मिमी. ऑब्जेक्टिव्हवरचा १०x हा आकडा २०० मिमीच्या ट्यूब लेन्ससाठी असतो, म्हणून माझ्याकडे तो १०.४x झाला आणि फ्रेमची रुंदी २.२६ मिमी. डोकं बसतं, दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला थोडी जागाही राहते.

रेनॉक्सपासून सेन्सरचं अंतर ठरवायला ऑब्जेक्टिव्ह काढून ठेवलं, कॅमेरा खिडकीतून लांबच्या झाडांवर रोखला आणि झाडं स्पष्ट होईपर्यंत ट्यूब कमी-जास्त केल्या. दहा मिनिटांचं काम.

पहिल्या फोटोत मधोमध पांढुरकं धुकं. वाटलं, सेकंडहँड काचेत बुरशी असेल. बॅटरी लावून काच पाहिली तर स्वच्छ. मग कॅमेऱ्याच्या बाजूने नळीत डोकावलो: आतली भिंत काळी असूनही आरशासारखी चमकत होती. सगळ्या नळीला आतून काळं मखमली चिकटपट्टीचं अस्तर लावलं. धुकं गेलं. हिरवा रंग पहिल्यांदा हिरवा दिसला.

२६ ते ३० जानेवारी

पाच दिवस वाया गेले, ते कसे ते सविस्तर लिहितो.

एलईडीचा उजेड, शटर पाव सेकंद. प्रत्येक फ्रेममध्ये केसांना दुहेरी कड. ऑब्जेक्टिव्ह वाकडं बसलंय असं धरून चाललो. अ‍ॅडॉप्टर चार वेळा खोलून बसवला, ट्यूबच्या जोडांना कागदाच्या पट्ट्या घातल्या, ऑब्जेक्टिव्ह परत करायचा विचारसुद्धा केला. पाचव्या दिवशी कंटाळून लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून नुसता बघत बसलो. प्रतिमा हलत होती. शेजारच्या खोलीत कुणी चाललं की माशीचं डोकं थरथरायचं, आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की बारीक कंप सुटायचा तो थांबेपर्यंत. टेबलावर पाण्याची वाटी ठेवून तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब पाहिलं तर तेही तसंच थरथरत होतं.

कॅमेरा होता ट्रायपॉडवर आणि माशी टेबलावर. दोन वेगळ्या गोष्टींवर दोघं वेगवेगळे हलत होते.

उपाय: कॅमेरा, रेल (फोकससाठी बारीक पावलांनी सरकणारी मोटरची पट्टी) आणि नमुना तिन्ही एकाच जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर आवळले. पट्टी अर्धवट हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबवर ठेवली. आता हलायचं तर सगळं एकत्र हलतं, आणि एकत्र हललं की फोटोला कळत नाही. वर एलईडी काढून दोन फ्लॅश लावले, कारण कमी पॉवरवर फ्लॅशची लकाकी इतकी क्षणिक असते की उरलासुरला कंप त्यात सापडत नाही. शटर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनवर (यात फोटो सुरू होताना यांत्रिक पडदा हलत नाही, म्हणून धक्का बसत नाही). पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅश उडतच नाही.

त्या रात्रीचा एकच फोटो, स्टॅक (अनेक फ्रेम जुळवून केलेलं चित्र) नाही, नुसती एक फ्रेम: डोळ्याच्या कडेची एक ओळ फोकसमध्ये, बाकी सगळं पुसलेलं. पण त्या ओळीत डोळ्याची षटकोनी भिंगं एकेक मोजता येत होती. बराच वेळ तेच बघत बसलो.

२ फेब्रुवारी

पहिला पूर्ण स्टॅक. दोन फ्रेममधली पावलं २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) ठेवली, कारण फ्रेम कमी हव्या होत्या. निकाल: दोन्ही डोळ्यांवर आडवे पट्टे, एक स्पष्ट, एक धूसर, पुन्हा एक स्पष्ट.

हिशेब आधी करायला हवा होता. प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा आणि तिला ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या वर्गाने भागा. ०.२८ चा वर्ग ०.०७८, म्हणजे खोली जेमतेम ७ मायक्रॉन. (०.१० च्या ४x ला हाच आकडा ५५ येतो. मघाशी चुका माफ होतात म्हटलं ते यासाठी.) दोन पावलं एकमेकांवर थोडी चढली पाहिजेत, म्हणून ५ मायक्रॉन ठरवलं.

माझ्या रेलची मोटर एका फेऱ्यात २०० पावलं घेते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, स्क्रू एका फेऱ्यात २ मिमी सरकतो. एक भाग ०.६२५ मायक्रॉन, आठ भाग म्हणजे नेमके ५. चेहऱ्याची खोली १.१ मिमी, म्हणून २२० फ्रेम.

अजून एक: मागे नेऊन पुन्हा पुढे सुरू केलं की पहिल्या १०-१५ फ्रेम एकसारख्याच येत होत्या. नटाची ढिलाई. आता दर वेळी ०.२ मिमी आधीपासून सुरुवात करतो आणि एकाच दिशेने जातो.

५ फेब्रुवारी

२२० फ्रेमचा स्टॅक जुळला आणि जे दिसलं ते बघवेना. धूळ, कपड्याचे तंतू, परागकण, कसलंसं वाळलेलं पुटकुळं. नुसत्या डोळ्यांना ही माशी लखलखीत दिसते, १० पटीला ती महिनाभर माळ्यावर पडलेल्या भांड्यासारखी दिसली.

शून्य नंबरच्या ब्रशने झटकायला गेलो. दुसऱ्याच फटकाऱ्याला उजवी मिशी तिसऱ्या मणक्यापाशी तुटली. वाळलेला कीटक काचेसारखा ठिसूळ असतो हे वाचलेलं होतं, हाताला माहीत नव्हतं. मिशीचा तुकडा शोधूनही सापडला नाही. या माशीला वाईट वागवलं याचं खरंच वाईट वाटलं.

हिला आता चाचण्यांसाठी ठेवली.

१९ फेब्रुवारी

दुसरी कुकू वास्प मिळाली, एका मित्राच्या खोलीत दिव्याखाली. पण गोळा होऊन मेलेली. चेहरा पोटात दडलेला, मिशा दिसत नाहीत.

या वेळी घाई केली नाही. हवाबंद डबीत ओला टिश्यू, वर प्लॅस्टिकची जाळी, जाळीवर माशी. बुरशी धरू नये म्हणून थायमॉलचा एक कण. ४० तासांनी सांधे मऊ झाले. दोन टाचण्यांनी, भिंगातून बघत, पोट हळूच मागे केलं आणि डोकं वर आलं. मिशा दोन्ही शाबूत.

धुण्याची पद्धत अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या मधमाशी प्रयोगशाळेकडून घेतली. ते लोक मधमाश्या बरणीत साबणाच्या पाण्यात धुतात आणि मग गरम हवेने वाळवून केस फुलवतात. मी लहान कुपी घेतली, कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, दोन मिनिटं हलकेच फिरवली. मग साध्या पाण्यात दोनदा, शेवटी अल्कोहोलमध्ये एकदा, म्हणजे पाण्याचे डाग राहत नाहीत. ब्लोअरने लांबून हवा. ब्रश लावलाच नाही.

२० फेब्रुवारी

धुतल्यावर त्याच रात्री शूट केलं, ही चूक. ४० मिनिटांच्या शूटमध्ये मिशा वाळत वाळत खाली झुकल्या. फार नाही, केसाच्या जाडीएवढ्या. स्टॅकमध्ये मात्र प्रत्येक मिशी दोन-तीन ठिकाणी दिसत होती, जणू तिच्या सावल्याच.

आता नियम: मऊ करून धुतल्यावर किमान दोन दिवस टाचणीवर तशीच वाळू द्यायची. टाचणी ०.२५ मिमीची, पाठीमागून, डोक्याला धक्का लागणार नाही अशी.

२३ फेब्रुवारी

उजेडाचा दिवस. बाकी सगळं जमल्यावर खरं काम इथे आहे असं माझं मत झालं आहे.

या माशीचा रंग रंगद्रव्याचा नाही. कवचात अतिशय पातळ थर असतात, त्यांवरून परत येणारा प्रकाश एकमेकांत मिसळून हिरवा, निळा, तांबूस होतो. म्हणूनच मेल्यावरही तो उडत नाही. पण याचा अर्थ असा की ही माशी म्हणजे शेकडो लहान आरसे आहेत, आणि प्रत्येक आरसा तुम्ही समोर जे ठेवाल ते दाखवतो. साधा फ्लॅश दाखवला तर प्रत्येक खळग्यात एक पांढरा ठिपका, आणि ठिपक्यांमध्ये काळोख.

पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारे फिल्टर) लावून चमक काढावी असं वाटलं. फ्लॅशवर एक, लेन्सवर त्याच्याशी काटकोनात दुसरा. चमक गेली आणि तिच्याबरोबर रंगही गेला, माशी कोळशासारखी झाली. साहजिक आहे, हा रंग म्हणजेच परावर्तन. पोलरायझर काळ्या भुंग्यांसाठी बाजूला ठेवले.

मग ट्रेसिंग पेपरचं नळकांडं. नमुन्याभोवती ४ सेंमी व्यासाचं, दोन थर, मध्ये बोटभर अंतर. एका थराने फ्लॅशची जागा कळते, दोन थरांमध्ये फट असली की पूर्ण कागदच दिवा बनतो. ठिपके पसरून मऊ झाले. मागे काळा कागद होता तो काढून करडा लावला, ५ सेंमी लांब, कारण काळी पार्श्वभूमी कवचाच्या कडांवर परावर्तित होऊन चेहऱ्याची बाह्यरेषा खाऊन टाकत होती. खाली पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला आणि जबडे अंधारातून वर आले.

ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस ऑक्सफर्डच्या संग्रहातल्या कीटकांचे फोटो काढताना प्रत्येक अवयवाचं लायटिंग वेगळं करायचा आणि एका कीटकासाठी हजारो फ्रेम घ्यायचा. ते का, हे आज हाताने कळलं: जे लायटिंग डोळ्याला शोभतं ते कपाळाला मारक ठरतं. मी चेहऱ्याच्या मधल्या खोलगट भागाला झुकतं माप दिलं. मिशांची मुळं जिथे टेकतात ती ही खोबण. तिच्यात आडव्या बारीक रेघा आहेत, नांगरलेल्या शेतासारख्या, आणि रेघांवरून हिरवा रंग निळ्यात उतरत जातो.

२५ फेब्रुवारी

दोन दिवस वाळलेली माशी, नवं लायटिंग, २२० फ्रेम. शेवटच्या ६० फ्रेम हळूहळू काळवंडल्या. फ्लॅशच्या बॅटऱ्या दमल्या होत्या. पॉवर १/१६ वरून १/३२ केली, त्यासाठी फ्लॅश कागदाच्या जवळ आणले, दोन फ्रेममध्ये ४ सेकंदांची विश्रांती ठेवली. दुसऱ्या प्रयत्नात सगळ्या फ्रेम सारख्या.

२६ फेब्रुवारी

रात्री स्टॅक लावून झोपलो, सकाळी बघतो तर प्रोग्रॅम अर्ध्यात थांबलेला: डिस्क भरली. २४ मेगापिक्सेलची १६ बिटची एक टिफ १४४ एमबी, २२० म्हणजे जवळजवळ ३२ जीबी, आणि मधल्या फाइल वेगळ्या. जागा आधी मोजा.

२७ फेब्रुवारी ते १ मार्च

झेरीन स्टॅकर या फ्रेम जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पीमॅक्स आणि डीमॅप या दोन्ही पद्धतींनी केलं. पीमॅक्सने एकमेकांवरून जाणारे केस सुंदर सोडवले, पण रंग भडक झाला आणि दाणे वाढले. डीमॅपमध्ये कवच रेशमासारखं, रंग खरा, मात्र मिशांभोवती धूसर वलय. दोन्हीतलं एक निवडायचं नसतं हे समजायला मला एक दिवस लागला. डीमॅपचं चित्र पाया धरलं आणि केस, मिशा, जबड्यांची टोकं पीमॅक्समधून ब्रशने त्यात आणली. त्याआधी २२० फ्रेमचे २०-२० चे गठ्ठे केले, प्रत्येक गठ्ठा पुढच्यावर ५ फ्रेमने चढवला. त्यामुळे एखादी मिशी तिच्या मागच्या डोळ्यापासून वेगळी उचलता येते.

करड्या पार्श्वभूमीवर तिरक्या बारीक रेघा होत्या, पावसासारख्या. सेन्सरवरची धूळ. तीच धूळ २२० फ्रेममध्ये एकाच जागी असते, पण जुळवणीत प्रत्येक फ्रेम किंचित सरकते, म्हणून ठिपक्याची रेघ होते. सेन्सर साफ करून तिसऱ्यांदा शूट केलं. रिटचिंगला साडेतीन तास.

४ मार्च

फोटो झाला. तिन्ही साधे डोळे कपाळावर त्रिकोणात, थेंबासारखे. एकेका खळग्याची कड वेगळी. डाव्या जबड्यावर एक केस अजून अर्धवट आहे, तो कोणत्याच फ्रेममध्ये पूर्ण सापडला नाही, म्हणून तसाच ठेवला. एकूण १९ स्टॅक घेतले, त्यातला हा शेवटचा.

छापील प्रत भिंगाखाली पाहताना खोबणीच्या रेघांत एक परागकण दिसला, पिवळा, गोल, धुण्यातूनही टिकलेला. पुसायला दोन मिनिटं लागली असती. पुसला नाही. ती शेवटी कुठल्यातरी फुलावर गेली होती, हे त्या फोटोत राहू दिलं.

माशी चिठ्ठी लावून डबीत ठेवली, चिठ्ठीवर सापडल्याची तारीख आणि जागा. तुटक्या मिशीची पहिली माशी तिच्या शेजारी. नळकांडं आणि पट्टी मोडलेली नाहीत. पुढच्या आठवड्यात ४x लावून हिचंच पूर्ण अंग कुशीवरून घेणार आहे.